मिनी डीव्हीडीवाल्या हॅण्डीकॅममधलं जुनं शूटिंग कॉम्प्युटरवर घ्यायचंय, अर्ध्या डिस्क रिकाम्या दाखवतायत

रामबागची_लेक

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे पण सगळं एकदाच सांगून टाकते म्हणजे मदत करणाऱ्याला परत परत विचारावं लागणार नाही. बाबांनी २००६ साली सोनीचा हॅण्डीकॅम घेतला होता, कॅसेटवाला नाही, बाजूचं झाकण उघडून आत छोटी डीव्हीडी बसवायची तो. आम्ही तेव्हा इंदूरला रामबागेतच जुन्या घरात होतो. त्या कॅमेऱ्यावर चार-पाच वर्षांचं शूटिंग आहे, घरचा गणपती, भाच्याची मुंज, रंगपंचमीची गेर (म्हणजे रंग उडवत निघते ती मिरवणूक), अनंत चतुर्दशीला जेल रोडवर उभं राहून काढलेल्या मिलच्या झांक्या (कापड गिरण्यांचे रोषणाई केलेले चित्ररथ), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आजी. आजीचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

डिस्क पस्तीस-चाळीस आहेत. काहींवर डीव्हीडी-आर लिहिलंय, काहींवर डीव्हीडी-आरडब्ल्यू. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही म्हणून यूएसबीवाला डीव्हीडी रायटर आणला. साधारण अर्ध्या डिस्क उघडतात, आत व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर दिसतं. बाकीच्या टाकल्या की विंडोज विचारतं ही रिकामी डिस्क कशी वापरायची आहे, आणि मी घाबरून कॅन्सल करते. डिस्क उलटी करून उजेडात धरली तर मधल्या भागाचा रंग वेगळा दिसतो, म्हणजे काहीतरी रेकॉर्ड झालेलं नक्की आहे ना?

शिवाय मागच्या वर्षी यातल्या काही डिस्क गावातल्याच एका दुकानात पेनड्राइव्हवर करायला दिल्या होत्या. जे मिळालं त्यात सगळी माणसं लांबट आणि बारीक दिसतात, आणि कोणी हललं की कडांना आडव्या रेघा रेघा येतात. हे मूळ शूटिंगच असं आहे का त्यांनी केलंय? कॅमेरा अजून आहे, बॅटरी मेलीय पण अडॅप्टर लावला की सुरू होतो. बाबा म्हणतायत भंगारात देऊन टाक, मी थांबवून ठेवलंय.

एडिटिंग पण करायचंय, दिवाळीला सगळे एकत्र जमणार आहेत तेव्हा टीव्हीवर लावायचंय. मला एडिटिंगचं काही येत नाही, शिकायची तयारी आहे.

फिरती_तबकडी

ताई, कॅमेरा अजिबात देऊ नका, तुमच्या अर्ध्या शूटिंगची किल्ली त्यातच आहे.

रिकाम्या दिसणाऱ्या डिस्क रिकाम्या नाहीत, त्या फायनलाइज केलेल्या नाहीत एवढंच. कॅमेरा शूटिंग करताना डिस्कवर नुसता व्हिडिओ लिहीत जातो, कुठे काय आहे त्याची अनुक्रमणिका आणि डिस्कचा सुरुवातीचा-शेवटचा भाग तो तेव्हा लिहीत नाही, कारण अजून शूटिंग वाढणार असतं. तो भाग लिहिणं म्हणजे फायनलाइज करणं. ते झालं नसेल तर कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला काही सापडत नाही आणि विंडोज तिला कोरी समजतं. तुम्ही कॅन्सल करता ते अगदी बरोबर करताय, तिथे हो म्हणू नका, विशेषतः आरडब्ल्यूला तर नकोच कारण ती पुसून परत लिहिता येणारी डिस्क आहे.

आता काय करायचं ते सांगतो. आधी एखादी कमी महत्त्वाची डिस्क घ्या, आजीची नको. कॅमेऱ्याला अडॅप्टर लावा, बॅटरीच्या भरवशावर हे काम करायचंच नाही कारण मध्येच वीज गेली की डिस्क कायमची अडकते. घरी इन्व्हर्टर असेल तर अडॅप्टर त्याच्याच पॉइंटला लावा. डिस्क टाका, आधी कॅमेऱ्याच्याच स्क्रीनवर चालवून बघा, चित्र दिसतंय म्हणजे माल शाबूत आहे. मग मेन्यूत डिस्कच्या सेटिंगमध्ये फायनलाइज सापडेल. त्याच मेन्यूत फॉरमॅट पण असतं आणि ते सगळं पुसतं, तेव्हा दोनदा वाचून मगच बटण दाबा. कॅमेरा टेबलावर सपाट ठेवा, काम चालू असताना उचलू नका, हलवू नका. डिस्कवर शूटिंग जितकं कमी तितका फायनलाइजला वेळ जास्त लागतो, बऱ्याच लोकांना उलट वाटतं आणि कॅमेरा अडकला समजून बंद करतात. बंद करू नका, थांबा.

डीव्हीडी-आर एकदा फायनलाइज झाली की तिच्यावर पुढे काही रेकॉर्ड होत नाही, तुम्हाला ते नकोच आहे. आरडब्ल्यू दोन पद्धतींनी भरलेली असू शकते, व्हिडिओ मोड नाहीतर व्हीआर मोड. व्हीआर असेल तर कॉम्प्युटरवर व्हिडिओ_टीएसच्या जागी डीव्हीडी_आरटीएव्ही नावाचं फोल्डर दिसेल आणि आत व्हीआरओ शेपटाची एकच मोठी फाइल असेल. ती कॉपी करून घ्या आणि कॉपीचं शेपूट बदलून एमपीजी करा, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये चालेल.

अजून एक, या ८ सेंटीमीटरच्या डिस्क आहेत. ट्रेवाल्या ड्राइव्हमध्ये आतल्या छोट्या खाचेत बसतात, यूएसबीवाल्या बारीक ड्राइव्हमध्ये मधल्या खुंटीवर टक् करून बसतात. पण ज्या ड्राइव्हमध्ये नुसती फट असते आणि डिस्क आत ओढली जाते, त्यात चुकूनही घालू नका, आत अडकते.

नंदलालपुरा_७८

एवढा खटाटोप कशाला करायचा. कॅमेऱ्याला पिवळी-लाल-पांढरी वायर असेल, ती लावा, जेल रोडवर नॉव्हेल्टी मार्केटात यूएसबी कॅप्चर स्टिक मिळते ती घ्या, कॅमेऱ्यात प्ले दाबा आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत बसा. फायनलाइज झालेली असो नसो, कॅमेरा आपली डिस्क वाचतोच. मी काकांच्या सगळ्या डिस्क अशाच केल्या, घरी सगळ्यांना आवडल्या.

फिरती_तबकडी

नंदलालपुरा भाऊ, तुमचं म्हणणं शेवटचा उपाय म्हणून एकदम बरोबर आहे, पण पहिला उपाय म्हणून नको. डिस्कवर व्हिडिओ आधीच डिजिटल आहे, एमपीईजी-२ मध्ये, ७२० बाय ५७६. वायरीतून काढला की तो आधी ॲनालॉग होतो, मग स्टिक त्याला परत डिजिटल करते, आणि स्वस्त स्टिकमध्ये रंग फिके पडतात, कधी आवाज पुढे मागे होतो. फाइल जशीच्या तशी कॉपी केली तर एक कणही कमी होत नाही, शिवाय अर्ध्या तासाची डिस्क अर्धा तास बसून बघावी लागत नाही. तेव्हा जी डिस्क फायनलाइज व्हायला नकार देईल आणि तरी कॅमेऱ्यात चालेल, तिच्यासाठी वायर.

कॅमेऱ्यातही नीट चालत नसेल तर आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते फायनलाइज न झालेल्या डिस्कमधूनही व्हिडिओ शोधून काढतं. फुकटात डिस्कवर काय आहे ते दिसतं, बाहेर काढायला पैसे भरावे लागतात. आधी बघा, आजीचं काही दिसलं तरच घ्या.

संकलक_इंदूर

मी लग्नाची आणि घरगुती कामं एडिट करतो म्हणून कॉपी झाल्यानंतरचं सांगतो, दुकानवाल्यानं काय केलं ते पण त्यातच येईल.

लांबट माणसं: तुमच्या बाबांनी वाइड मोडवर शूटिंग केलेलं असणार. डीव्हीडीवर चित्र कायम ७२० बाय ५७६ च साठवलं जातं, मग ते ४:३ दाखवायचं का १६:९, याची खूण सोबत असते. कन्व्हर्ट करताना ती खूण दुर्लक्षित केली की रुंद चित्र चेपून चौकोनी होतं आणि माणसं उंच बारीक दिसतात. मूळ डिस्कमध्ये दोष नाही.

रेघा: त्या काळचा व्हिडिओ इंटरलेस्ड आहे. एका सेकंदात २५ पूर्ण चित्रं नसून ५० अर्धी चित्रं असतात, एकात विषम ओळी, पुढच्यात सम ओळी. जुन्या डब्बा टीव्हीला हेच लागायचं. कॉम्प्युटरवर दोन अर्धी एकत्र दाखवली की त्या मधल्या वेळात हात जेवढा हलला तेवढी कड कंगव्याच्या दात्यांसारखी फाटते. याला डीइंटरलेस करावं लागतं आणि बरेच लोक ते चुकीचं करतात, म्हणजे अर्धी चित्रं सरळ टाकून देतात. रेघा जातात पण हालचाल धक्क्याधक्क्यानं दिसायला लागते. तुमच्याकडे झांक्या आणि गेर आहे, रात्रीचे पळते दिवे, उडणारा गुलाल, तिथे हा फरक लगेच डोळ्यात येतो. ५० अर्ध्या चित्रांपासून ५० पूर्ण चित्रं बनवायची, मग ते तेव्हा टीव्हीवर दिसायचं तसं सळसळीत दिसतं.

आता पद्धत. व्हिडिओ_टीएस फोल्डरमधल्या व्हीओबी शेपटाच्या फाइली थेट एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढू नका, सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. डीव्हीडीत एक फाइल १ जीबीच्या वर जात नाही म्हणून लांब शूटिंग मध्येच कापून दुसऱ्या फाइलमध्ये जातं, कधी कोणाच्या बोलण्याच्या मध्यावर. शिवाय प्रत्येक क्लिपला आतलं घड्याळ परत शून्यापासून सुरू होतं, त्यामुळे फाइलची लांबी भलतीच दिसते आणि आवाज सरकतो. म्हणून पूर्ण डिस्कची आधी इमगबर्न या सॉफ्टवेअरने आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली हुबेहूब नक्कल, बनवा, ती झाली तुमची मूळ प्रत. मग मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरनं त्या आयएसओमधून एमकेव्ही शेपटाची व्हिडिओ फाइल काढा, ते व्हिडिओला हात लावत नाही, फक्त नीट जोडून दुसऱ्या डब्यात ठेवतं. मेकएमकेव्हीच्या सेटिंगमध्ये सगळ्यात छोट्या टायटलची मर्यादा १२० सेकंद असते, ती आधी शून्य करा. नाहीतर दोन मिनिटांपेक्षा लहान तुकडे ते गुपचूप सोडून देतं, आणि घरच्या शूटिंगमध्ये लहान तुकडेच किती असतात.

ती एमकेव्ही हॅण्डब्रेक या कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. एच.२६४, क्वालिटीचा आकडा १८ च्या आसपास (आकडा कमी तितकं चित्र चांगलं), फिल्टरमध्ये डीइंटरलेसला बीडब्ल्यूडीआयएफ आणि त्याखाली बॉब, फ्रेमरेट ५० आणि कॉन्स्टंट. पहिल्या फाइलला एखादं माणूस चालताना बघा, चेहरा गोल असेल आणि हात फिरताना रेघ नसेल तर बाकीच्या सगळ्या रांगेत लावून झोपा. रात्रीच्या झांक्यांना अंधाराचा रवा जास्त असतो, तिथे आकडा १६ ठेवला तर दिव्यांभोवती चौकोन चौकोन येणार नाहीत. यातून निघालेली एमपी४ एडिटिंगला वापरा, आयएसओ आणि एमकेव्हीला परत हात लावू नका.

एडिटिंगला शॉटकट घ्या, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, नवीन माणसाला एका संध्याकाळीत कळतं. चित्र मुद्दाम फोर-के वगैरे करत बसू नका, टीव्ही आपलं आपण मोठं करून घेतो.

ग्वाल्हेरची_सून

संकलक दादांनी तांत्रिक सगळं सांगितलंय, मी फक्त काय कापायचं आणि काय ठेवायचं त्यावर बोलते कारण आमच्या घरी ग्वाल्हेरला सासऱ्यांच्या डिस्कचं हे काम मीच केलं.

पहिल्यांदा एडिट करणाऱ्याला वाटतं की मूळ आवाज बंद करून वर छान गाणं टाकावं. कृपा करून आजीच्या एकाही तुकड्यावर गाणं टाकू नका. आमच्याकडे एका डिस्कमध्ये सासूबाई मोदकाच्या पाऱ्या करतायत, कॅमेरा नुसता त्यांच्या बोटांवर आहे, बोट मधोमध दाबून पारी गोल फिरवत कडा पातळ करतायत, आणि मागे कॅमेरा धरलेले सासरे विचारतायत "किती झाले गं?" आणि त्या मान वर न करता म्हणतात "मोजू नका, कमी पडतात." बघायला गेलं तर कंटाळवाणा तुकडा आहे, कॅमेरा हलतोय, फोकस जातोय. घरातल्या सगळ्यांनी सगळ्यात जास्त वेळा लावलेला तुकडा तोच आहे. पत्रिकेसारखे फोटो काढायला उभे केलेले तुकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही.

कॅमेऱ्यामागचा माणूस चित्रात कधीच नसतो, त्याचा फक्त आवाज असतो, म्हणून तुमच्या बाबांचा आवाज जिथे जिथे आहे तिथे कात्री जपून चालवा. कॅमेरा बंद करायला विसरून जमीन दाखवत राहिलेला भाग आपण लगेच कापतो, पण तिथेच लोक मोकळं बोलत असतात. असं असेल तर चित्र काळं करा किंवा दुसरा फोटो लावा, आवाज राहू द्या.

आणि तारखा! सोनीच्या बऱ्याच डीव्हीडी मॉडेलांत शूटिंगची तारीख-वेळ सबटायटल म्हणून डिस्कवर साठवलेली असते. व्हीएलसीत डिस्क लावून सबटायटल सुरू करून बघा, खाली तारीख येते. ती बघूनच फायलींना नावं द्या, साल-महिना-दिवस आणि प्रसंग. हे काम बाबांना शेजारी बसवून करा. कोण पाहुणे, कोणाची मुंज, मागे कोणाचं घर दिसतंय, हे आत्ता विचारलं तर कळेल.

रामबागची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसले. आधी रंगपंचमीची एक डिस्क घेतली, फायनलाइजला बराच वेळ लागला, तबकडी दादांनी सांगितलं नसतं तर मी नक्की बंद केला असता. झाल्यावर ड्राइव्हमध्ये टाकली आणि उघडली! आज बाकीच्या बऱ्याचशा झाल्या, आजीच्या पण. सबटायटलमध्ये तारीख आली, बाबा शेजारीच होते, एका गणपतीच्या साली त्यांचा आणि आईचा जोरदार मतभेद होता तो पण त्या तारखेनं मिटला. हुकुमचंद मिलच्या झांकीचा तुकडा तर त्यांनी तीनदा लावायला लावला, मिल १९९१ ला बंद पडली तरी कामगारांनी वर्गणी काढून झांकी सोडली नाही हे ते प्रत्येक वेळी नव्यानं सांगत होते, ते मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलं, झांकीच्या चित्रावर त्यांचाच आवाज लावणार आहे.

दोन अडचणी राहिल्यात. एक डिस्क फायनलाइज झालीय पण कॉपी करताना शेवटी शेवटी ड्राइव्ह खरखर करतं आणि एरर येते. आणि एडिट झालेलं नाशिकच्या आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं तर एकदम धुरकट गेलं.

फिरती_तबकडी

वा ताई, फार बरं वाटलं.

एररवाली डिस्क: कॅमेरा आतून बाहेर लिहीत जातो, त्यामुळे शेवटचं शूटिंग बाहेरच्या कडेला असतं आणि बोटं तिथेच लागतात. मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. तरी नाही झालं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावा, जुन्या डेस्कटॉपचा ट्रेवाला ड्राइव्ह कोणाकडे असेल तर उत्तम, एकाला न वाचलेली डिस्क दुसरा सहज वाचतो. लिनक्स वापरणारं कोणी ओळखीचं असेल तर डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरनं प्रत घ्यायला सांगा. ते आधी वाचता येणारा सगळा भाग उचलतं, खराब जागा सोडून पुढे जातं, आणि मग फक्त त्या जागांवर परत परत प्रयत्न करतं. त्याची नोंद फाइलमध्ये राहते म्हणून उरलेला भाग दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून त्याच प्रतीत भरता येतो. कॅमेऱ्यात तो शेवटचा भाग चालत असेल तर तेवढ्यापुरती नंदलालपुरा भाऊंची वायर आहेच.

डिस्क काम झाल्यावर पण टाकू नका. लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत रंगाचा थर असतो, त्याला ऊन आणि उष्णता सोसत नाही, तेव्हा माळ्यावर नको, कपाटात खालच्या कप्प्यात उभ्या ठेवा. वर कागदी लेबल चिकटवू नका. आयएसओच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर करा आणि त्यातली एक इंदूरबाहेर जाऊ द्या. एक डिस्क १.४ जीबीची, म्हणजे चाळीस डिस्क मिळून ६० जीबीच्या आतच बसतं.

संकलक_इंदूर

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की ते दाबून लहान करतं. अटॅचमध्ये डॉक्युमेंट निवडून तीच फाइल पाठवा, २ जीबीपर्यंत जशीच्या तशी जाते. आत्यांना सांगा की डाउनलोड पूर्ण झाल्यावरच उघडायचं.

टीव्हीसाठी पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, टीव्ही ते वाचत नसेल तर फॅट३२, पण मग एक फाइल ४ जीबीच्या खाली ठेवावी लागेल. म्हणून एकच तीन तासांची फाइल करू नका, गणपती वेगळा, मुंज वेगळी, झांक्या वेगळ्या. दिवाळीच्या चार दिवस आधी एकदा त्याच टीव्हीवर लावून बघा, आवाज येतो का ते विशेष बघा. काही टीव्ही डीव्हीडीचा मूळ एसी-३ आवाज पेनड्राइव्हवरून वाजवत नाहीत, चित्र येतं आणि आवाज नाही. हॅण्डब्रेकमध्ये आणि शॉटकटच्या एक्स्पोर्टमध्ये आवाज एएसी स्टिरिओ ठेवला की हा प्रश्न येत नाही.

रामबागची_लेक

एएसी केलं, आमच्या टीव्हीवर आवाज आला. खरखरणारी डिस्क उद्या माझ्या मावसभावाकडे नेतेय, त्याच्याकडे जुना डेस्कटॉप आहे आणि तो लिनक्स पण वापरतो. काय होतं ते इथेच कळवते.